तिकीट १५० रुपये, रान जिल्ह्याएवढं

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये सहलवाल्यांनी ऑस्ट्रेलियातल्या ॲना क्रीक या गुरांच्या स्टेशनवर, म्हणजे गुरं पाळायच्या अवाढव्य रानावर, पडद्यावरचा कार्यक्रम ठेवला होता. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालो, सांगोला-मंगळवेढ्याची मेंढरं हाताखालून गेलेली. त्यामुळं फोटोंपेक्षा चाऱ्या-पाण्याचं काय सांगतात तिकडं माझा कान.

जमीन १५,७०० चौरस किलोमीटरच्या वर. आपला अख्खा सोलापूर जिल्हा १४,९०० च्या आत. म्हणजे करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत एकच सातबारा! इथं हॉलमध्ये शिट्टी पडली.

१८६३ ला स्ट्रँगवेज स्प्रिंग्जच्या झऱ्यांपाशी सुरुवात झाली ती मेंढरांनीच. पण डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, मेंढरं फाडायचा. शेवटी गुरं आणली. आज तिथं ५,६०० किलोमीटरचं कुंपण आहे. आत मेंढरं, बाहेर गुरं, आणि ॲना क्रीक बाहेर. वक्त्यानं नकाशावर बोट फिरवत हे फार झकास सांगितलं. आपला धनगर लांडग्यासाठी रात्री वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, लावतो, कुत्री सोडतो, तेवढ्यावर भागवतो.

ॲना क्रीकचा जुना मालक सिडनी किडमन, त्याचा भाग तर पैसे वसूल. या माणसानं नुसती जमीन गोळा केली नाही, पाण्याच्या वाटेवर ओळीनं स्टेशनं घेतली. एकीकडं दुष्काळ पडला की जनावरं पुढच्या रानात हाकायची. धनगरही तेच करतो, फक्त दुसऱ्याच्या शेतात मेंढरं बसवून, खताच्या बदल्यात धान्य घेऊन. किडमन १९३५ ला गेला. २०१६ ला त्याची कंपनी विकली गेली, पण ॲना क्रीक वेगळं निघालं, कारण त्याचा बराच भाग वूमेराच्या शस्त्रचाचणी क्षेत्रात येतो.

आता खटकलं ते. हा मुलूख मूळचा अराबाना लोकांचा. २०१२ ला कोर्टानं त्यांचा हक्क मान्य केला. स्टेशनांवर गुरं वळणाऱ्या आदिवासींना गोऱ्यांएवढा पगार द्यायचा निर्णय १९६६ चा, लागू झाला १९६८ च्या डिसेंबरात. यावर चकार शब्द नाही! मी उठून विचारलं तर "काका, वेळ कमी आहे." आणि मग सहलीचे दर मात्र चवीचवीनं वाचून दाखवले.

चहा पाणचट, माइक खरखरीत. पाचपैकी साडेतीन. पोरांना जरूर न्या, पण पुढच्या रांगेत बसा. मागून नकाशावरची कुंपणाची रेघ दिसत नाही.