राणीची बाग, भायखळा: शंभरात चौघे

आईवडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपयांचं कुटुंब तिकीट हा २०१७ पासूनचा दर; मुंबईत एवढ्यात चौघांचा वडापावचहासुद्धा जेमतेम होतो. भायखळा स्टेशनच्या पूर्वेकडून चालत जाता येतं. बुधवारी बंद, त्यामुळे सुट्टी बुधवारी आली तर आधी खात्री करा.

आत शिरल्यावर थेट पेंग्विनकडे जा. नंतर तिथे रांग वाढते, आणि काचेपुढच्या गर्दीत लहानांना फक्त मोठ्यांच्या पाठी दिसतात. वाघ मात्र भर दुपारी सावलीत आडवा असतो. सकाळी किंवा चारनंतर हालचाल दिसते. पाण्याची स्टीलची बाटली न्या. शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याच फेरीत उरकतं, पण तीन वर्षांचं पोर तिथे दहा मिनिटांत कंटाळेल.