फ्लिपेस घ्यावं की एबीसीजी?

एमएस्सी प्रकल्पासाठी अरॅबिडॉप्सिसमधलं (प्रयोगशाळेत वापरलं जाणारं छोटं रोप) कोणतं लिपिडवाहक, म्हणजे स्निग्ध रेणू हलवणारं, प्रथिन घेऊ, फ्लिपेस की एबीसीजी, असं एका विद्यार्थिनीने विचारलं. दोन्ही एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जा, खर्च करतात, काम मात्र वेगळं. फ्लिपेस (अरॅबिडॉप्सिसमध्ये एएलए 1 ते 12 अशी नावं) दुपदरी पटलातलं फॉस्फोलिपिड, म्हणजे पटल ज्याचं बनतं ते लिपिड, उलटवून पेशीद्रवाकडच्या थरात आणतं. एबीसीजी 11 आणि 12 बाह्यत्वचेच्या पेशीतून मेण बाहेर काढतात.

परिणाम डोळ्यांना दिसण्यात एबीसीजी सरस. निरोगी खोडावर द्राक्षावर असतो तसा पांढुरका थर असतो. एबीसीजी 12 बिघडलेलं रोप उजेडात धरा, खोड हिरवंगार चकाकतं, कारण बरंचसं मेण पेशीतच अडकलेलं असतं. किती सुंदर पुरावा! 2004 साली सीईआर 5 या जनुकाची (एबीसीजी 12चंच दुसरं नाव) ओळख पटली ती अशाच रोपांमधून.

फ्लिपेसला मेहनत जास्त. भावंडं 12, एक बिघडलं तर दुसरं सांभाळून घेतं. एएलए 3 तर एएलआयएस या जोडीदार प्रथिनाशिवाय काम करत नाही, म्हणून ते यीस्टमध्ये तपासताना दोन्हींची जनुकं घालावी लागतात. पण चमकणारं लिपिड यीस्टच्या पेशीत शिरताना थेट मोजता येतं. पाण्यात न विरघळणाऱ्या मेणाचं तसं मोजमाप फार अवघड.

हाताशी सहा महिने आणि साधा सूक्ष्मदर्शक असेल तर एबीसीजी घे. यीस्टची सवय असेल आणि पुढे पीएचडी करायची असेल तर फ्लिपेस.