लग्नाआधीच्या तपासणीचं पॅकेज, रावपुरा (वडोदरा) : चार स्टार, एक का कापला ते खाली लिहिलंय

मुलाचं लग्न ठरलंय, मुलगी इथलीच, दांडिया बाजारातली, आणि दोघांच्या तपासण्या आम्ही साखरपुड्याच्या आधीच करून घेतल्या, रावपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये प्री-मॅरिटल पॅकेज म्हणून मिळतं ते. दोघांचे मिळून साडेसहा हजार झाले. लॅबचं नाव देत नाही कारण एक मोठी तक्रार आहे आणि ती त्यांनी नंतर सुधारली पण, तरी अनुभव सगळा लिहिते, आपल्याकडे ह्या विषयावर कोणी मोकळं बोलत नाही म्हणून.

तपासणीचा हट्ट माझा होता. माझ्या चुलत जावेचा मुलगा थॅलेसेमिया मेजर होता, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयारच होत नाही असा जन्मजात आजार. १९९६ चा जन्म, आठ महिन्यांचा झाला आणि पांढराफटक पडायला लागला, तेव्हा कळलं की आई-वडील दोघंही मायनर आहेत (म्हणजे दोष अंगात असतो, पण आजार नसतो), दोघांनाही आयुष्यात कधी काही त्रास नव्हता, त्यामुळे माहीत असायचं कारणच नव्हतं. मग दर वीस-बावीस दिवसांनी रक्त चढवायचं. जाऊबाई डबा, थर्मास, चादर घेऊन सकाळी निघायच्या त्या दिवेलागणीला घरी. पाच वर्षांचं पोर सिस्टरला स्वतः सांगायचं, मागच्या वेळी डावा हात होता, आता उजवा घ्या. बाहेरचं रक्त देत राहिलं की अंगात लोह साठतं, ते काढायला रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई लावून पंप, तो आवाज मी त्यांच्याकडे मुक्कामाला असताना ऐकलाय. एकोणिसाव्या वर्षी गेला. तो आम्हाला सगळ्यांना हवाच होता, फार गोड मुलगा होता, पण त्याने जे सोसलं ते दुसऱ्या कोणाच्या लेकराला सोसायला लागू नये एवढंच मला वाटतं. म्हणून लग्न ठरल्या ठरल्या मी विहीणबाईंना फोन केला आणि आधीच सांगितलं की फक्त तुमच्या मुलीची नाही, दोघांची करायची आहे, आणि पैसे मी भरते. त्या लगेच हो म्हणाल्या, मला त्यांचं फार बरं वाटलं.

आता लॅबबद्दल. सकाळी साडेसातला गेलो, बारा तास उपाशी, रावपुऱ्यात गाडी लावायची पंचाईत आहेच, टू-व्हीलरवर जा. आत स्वच्छ, गर्दी नव्हती. रक्त घेणारी मुलगी अगदी हलक्या हाताची, सुई काढल्याचं पण कळलं नाही म्हणाला मुलगा, आणि तिने प्रत्येक बाटलीवरचं नाव ज्याचं त्याला वाचायला लावलं, मगच रक्त घेतलं. एवढं केलं तरी अर्धी भानगड मिटते. एचआयव्हीसाठी वेगळा कागद दोघांकडून स्वतंत्र सही करून घेतला आणि सांगितलं की अगदी अलीकडे लागण झाली असेल तर टेस्टमध्ये दिसत नाही, काही आठवड्यांनी परत करावी लागते. (ज्यांना लॅबचा खर्च नको त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात) जा, तिथे एचआयव्हीची टेस्ट फुकट होते आणि नाव गुप्त ठेवतात.)

पॅकेजमध्ये मला एक गोष्ट खटकली. मुलीच्या यादीत सोनोग्राफी, एएमएच (अंडाशयात बीजं किती उरलीत त्याची टेस्ट), थायरॉइड, टॉर्च (गरोदरपणी बाळाला बाधणाऱ्या संसर्गांच्या टेस्ट), काय काय, आणि मुलाच्या यादीत शुगर आणि कोलेस्टेरॉल. म्हणजे मूल होण्याची सगळी परीक्षा मुलीचीच? आमच्या होणाऱ्या सुनेनेच काउंटरवर शांतपणे विचारलं, ह्यांचं काय? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आत डॉक्टर मॅडम होत्या त्यांनी मात्र सरळ सांगितलं की एएमएचवरून मूल नैसर्गिकपणे होईल की नाही ते कळत नाही, आता काही गरज नाही, काढून टाका, टॉर्च पण काढा, त्यातलं फक्त रुबेलाचं (जर्मन गोवर) बघून घ्या म्हणजे लस द्यायची झाली तर आत्ताच देता येईल, लशीनंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात म्हणून. त्या काढलेल्या टेस्टचे पैसे कमी पण केले. तेव्हा पॅकेजचा कागद आला की तसाच हो म्हणू नका, विचारा. रक्तगट, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचपीएलसी (थॅलेसेमिया मायनर आहे का ते सांगणारी टेस्ट), एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, व्हीडीआरएल (सिफिलिस ह्या गुप्तरोगाची), शुगर, एवढं दोघांचं सारखं असलं पाहिजे. एचपीएलसी बऱ्याच स्वस्त पॅकेजमध्ये नसतेच आणि खरी महत्त्वाची तीच.

आता तक्रार. बुकिंग मी केलं होतं म्हणून नंबर माझा. संध्याकाळी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पीडीएफ आल्या, एक मुलाची, एक तिची. एचआयव्ही, व्हीडीआरएल, सगळं त्यात. सकाळी सही घेताना गुप्तता गुप्तता म्हणाले आणि संध्याकाळी होणाऱ्या सासूच्या फोनवर मुलीचा रिपोर्ट! २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात संमती आणि गुप्तता दोन्ही आहे हो, आणि कायदा जाऊ दे, त्या मुलीने माझ्या घरात पाऊल टाकायच्या आधी तिच्या अंगातलं सगळं मला माहीत असावं का? तिची फाइल मी उघडली नाही, तिला पाठवली, लगेच डिलीट केली आणि फोन करून सांगितलं की असं झालं. ती म्हणाली, काकू तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत.

मुलाची मात्र उघडली. उघडायला नको होती, तो सत्तावीस वर्षांचा आहे, पण राहवलं नाही. हिमोग्लोबिन १३.१, म्हणजे तसं ठीकच, पण एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) ६४ आणि आरबीसी (त्यांची संख्या) ६.२, दोन्ही ठळक अक्षरात. जावेच्या घरात हे आकडे इतके वर्षं ऐकलेत की बघताच हातपाय गार पडले. रक्तातल्या पेशी लहान आणि संख्येने जास्त, लोह कमी असेल तर सहसा संख्या वाढत नाही, म्हणजे मायनरचाच संशय. एचपीएलसीचा रिपोर्ट दोन दिवसांनी येणार होता. मुलाला बोलावलं, दाखवलं, म्हटलं तिला तूच सांग, आत्ताच सांग, मी किंवा बाबा सांगणार नाही.

तो गॅलरीत गेला, दहा-पंधरा मिनिटं बोलत होता, मी आत नुसती बसून. मग बाहेरून हाक मारली, आई हे बघ. तिने एक फोटो पाठवला होता, कॉलेजच्या फाइलीतला घडी पडलेला कागद. इथे गुजरातमध्ये बऱ्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला थॅलेसेमियाची तपासणी करतात, तिचं तेव्हा झालं होतं, एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, मायनर असेल तर वाढलेला असतो) २.६, खाली नॉर्मल. आमचा पुण्याला शिकला म्हणून त्याचं राहिलं. तो कागद मी झूम करून चार वेळा वाचला. रडू आलं मला.

दोन दिवसांनी त्याचं एचबीए२ ५.३ आलं, मायनर नक्की. डॉक्टर मॅडमनी दोघांना आत बसवून वीस मिनिटं दिली (आम्ही मोठी माणसं बाहेर, त्यांनीच सांगितलं, मला पटलं). मुलाने नंतर सांगितलं ते असं, कागदावर चार चौकोन काढून समजावलं की दोघंही मायनर असते तर दर खेपेला मेजर मूल व्हायची शक्यता २५ टक्के, एकच मायनर असेल तर मेजर होत नाही, मूल मायनर असायची शक्यता ५० टक्के, आणि मायनर म्हणजे आजार नाही. आणि दोघं मायनर निघाले तरी लग्न मोडायची गरज नाही, गरोदरपणात दहाव्या-बाराव्या आठवड्यात बाळाची तपासणी करता येते, फक्त आधी माहीत हवं. अजून एक, लहानपणी ह्याला रक्त कमी म्हणून किती वर्षं लोहाची औषधं पाजली मी, मॅडम म्हणाल्या फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) बघितल्याशिवाय आता देऊ नका.

तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह आणि ह्याचा बी पॉझिटिव्ह निघाला, त्यावर आमच्या आत्याबाई सुरू झाल्या की रक्त जुळत नाही. तसं काही नसतं, निगेटिव्ह आईला गरोदरपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत परत एक, बस. एकच रक्तगट असला तर लग्न करू नये हे पण खोटं आहे, किती चांगली स्थळं लोक त्यावरून सोडतात.

हिपॅटायटिस बी दोघांचं निगेटिव्ह, लस कोणीच घेतलेली नव्हती, लशीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणून म्हणते पत्रिका छापायला टाकल्यावर तपासणीला जाऊ नका, सहा-आठ महिने हातात ठेवून जा.

रिपोर्टच्या तक्रारीसाठी मी स्वतः लॅबवर गेले. मॅनेजरने आधी "पेमेंट ज्याचं त्याला जातं" असं सांगितलं, मग मॅडम बाहेर आल्या आणि माफी मागितली, आता फॉर्मवर प्रत्येकाचा स्वतःचा नंबर घेतात. तरी पण तुम्ही गेलात तर आपल्या डोळ्यांनी नंबर बघून घ्या.

मुलगा मायनर म्हणजे आमच्या दोघांतलं कोणीतरी असणारच, आणि धाकट्या मुलीचं पण बघायला हवं, म्हणून पुढच्या शनिवारी मी आणि ती दोघी जाऊन आलो, नुसती सीबीसी आणि एचपीएलसी, माणशी बाराशे. माझं एचबीए२ ५.१ आलं. तिचा रिपोर्ट तिच्या फोनवर आला, आणि रात्री जेवताना तिने आपणहून सांगितलं.