एबीएसचा दिवा पेटलाय: सेन्सर बदलायचा, रिंग की मॉड्यूल?

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. चाकासोबत फिरणाऱ्या रिंगवरून सेन्सर चाकाचा वेग मोजतो आणि मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा कंट्रोलर, त्यावरून ब्रेकचा दाब सांभाळतो. एबीएसचा पिवळा दिवा पेटून राहिला की कुणी म्हणतं सेन्सर बदला, कुणी म्हणतं मॉड्यूल गेलंय. दोघांपैकी एकाचं बरोबर निघेलही, पण तपासणीआधी पार्ट आणला तर बऱ्याचदा पैसे जातात आणि दिवा तसाच राहतो.

पिवळा दिवा एकटाच असेल तर साधे ब्रेक लागतात, पण करकचून ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. सोबत लाल दिवाही असेल तर गाडी चालवू नका. हँडब्रेक पूर्ण सुटलाय का आणि ब्रेक ऑइल किती आहे ते बघा. दोन्ही ठीक असूनही लाल दिवा राहिला तर गाडी टो करून न्या.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. साधा, स्वस्त कोड रीडर बहुधा इंजिनाचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोडच वाचतो. एबीएसचे कोड 'सी'ने सुरू होतात. ते वाचणारा आणि चारही चाकांचा वेग चालू गाडीत दाखवणारा स्कॅनर हवा. तो नसेल तर गॅरेजला फक्त तपासणीचे पैसे द्या, ते वाया जात नाहीत. कारण सी0035 सारखा कोड 'पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट' एवढंच सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आला, तशी वायर आणि कनेक्टरही आले.

सेन्सर की रिंग, हे चारही आकडे शेजारीशेजारी पाहिले की बरंचसं कळतं. गाडी सरळ, सावकाश चालवा. एका चाकाचा आकडा कायम शून्य असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर. वायर आधी बघा, विशेषतः चाक वळताना ती जिथे दुमडते तिथे. वरचं रबर शाबूत दिसतं आणि आतली तार तुटलेली असते. आकडा येतोय पण मधूनच गचका खातोय, किंवा गाडी थांबता थांबता कोरड्या रस्त्यावरही पेडल थरथरतंय, तर संशय रिंगवर घ्या. ड्राइव्ह शाफ्टवरच्या दातेरी रिंगला केसाएवढी चीर गेली तरी तेवढं पुरतं. कधी सेन्सरखाली गंजाचे पापुद्रे साचून तो रिंगपासून किंचित वर उचलला जातो. तिथे नवा सेन्सर नको, बसायची जागा घासून साफ करा. दिवा बेअरिंग बदलल्यानंतरच पेटला असेल तर बेअरिंग उलटं बसलंय का ते आधी विचारा. अनेक गाड्यांत चुंबकीय रिंग बेअरिंगच्या सीलमध्येच असते आणि ती बाजू सेन्सरकडेच हवी.

मल्टिमीटरचा भरवसा फक्त जुन्या, पॅसिव्ह (बाहेरून वीज न लागणाऱ्या) सेन्सरवर. त्याचा रेझिस्टन्स बहुतेकदा 1000 ते 2000 ओहमच्या आसपास येतो. डावा-उजवा ताडून बघा. नव्या अॅक्टिव्ह (विजेवर चालणाऱ्या) सेन्सरचा रेझिस्टन्स मोजू नका, त्यातून निदान होत नाही आणि सेन्सर खराब होऊ शकतो.

सेन्सर घरी बदलता येतो, बहुधा एकच बोल्ट असतो. पण गंजाने धरलेला सेन्सर पिळला तर हबमध्येच तुटतो. तसा असेल तर गॅरेजच बरं. रिंग आणि बेअरिंग तर गॅरेजचंच काम.

मॉड्यूलची पाळी शेवटी येते. पंपाच्या मोटरचा किंवा व्हॉल्व्ह रिलेचा कोड, किंवा स्कॅनरला मॉड्यूल सापडतच नाही, ही त्याची लक्षणं. तरी आधी बॅटरीचं व्होल्टेज, फ्यूज आणि अर्थिंग तपासा. मॉड्यूलच दोषी ठरलं तर मी दुरुस्तीच्या बाजूने आहे. बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग हायड्रॉलिक ब्लॉकपासून (ब्रेकच्या नळ्या जोडलेल्या धातूच्या ठोकळ्यापासून) स्क्रू काढून सुटा होतो, ब्रेकच्या नळ्या उघडाव्या लागत नाहीत, आणि आपलाच भाग परत येत असल्याने बहुधा कोडिंगही (स्कॅनरने मॉड्यूल त्या गाडीशी जुळवणं) लागत नाही. तो परत येईपर्यंत गाडी उभी राहते, एवढाच तोटा. ते परवडत नसेल तर नवं घ्या. दुसऱ्या गाडीतून काढलेलं जुनं स्वस्त पडतं, पण पार्ट नंबर तंतोतंत जुळायला हवा, अनेकदा कोडिंगही करावं लागतं आणि त्याच्यात तोच दोष दडलेला असू शकतो. हायड्रॉलिक ब्लॉकसकट अख्खं युनिट बदललं तर ब्रेकमधली हवा बऱ्याचदा स्कॅनर लावूनच काढावी लागते. तशी सोय नसलेल्या गॅरेजला हे काम देऊ नका.

काम झाल्यावर कोड पुसा. उभ्या गाडीत दिवा लगेच विझला नाही तरी घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत चाकं थोडी फिरून सिग्नल पटल्यावरच तो जातो.