रुपये आले, डॉलर आलेच नाहीत

परदेशी क्लायंटने काम करून घेतलं आणि पैसे बुडवले, ही फसवणूक कुणालाही कळते. तिच्यात निदान किती गेले हे लगेच समजतं. गोव्यात घरी बसून बाहेरचं काम करणाऱ्यांना त्याहून महाग पडते ती उलटी फसवणूक. पैसे वेळेवर येतात, ठरल्यापेक्षा थोडे जास्तच येतात, आणि काही आठवड्यांनी खातं गोठतं.

धरा, म्हापशातला एक व्हिडिओ एडिटर आहे. क्लायंट टेलिग्रामवर भेटलेला, १,२०० डॉलरचं काम. ब्रीफ व्यवस्थित, दोनदा करेक्शन, सगळं रीतसर. पैशांची वेळ आली की क्लायंट म्हणतो, स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून पाठवलं तर मधल्या बँका वीस-पंचवीस डॉलर खातात, वर चार दिवस जातात. आमचा भारतात पेमेंट एजंट आहे, तो आजच रुपये टाकेल. बँक डॉलरला ८८ देणार असेल तर हा ९२ देतो. म्हणजे १,०५,६०० च्या जागी १,१०,४००. मधल्या बँकांबद्दलचं गाऱ्हाणं खरंच असतं, म्हणून बाकीचंही पटतं.

संध्याकाळी तीन आयएमपीएस येतात: ४०,०००, ४०,००० आणि ३०,४००. तीन वेगळी नावं, तीन वेगळ्या बँका. एकाच्या शेऱ्यात ‘रेंट’, बाकी दोन कोरे. ज्या कंपनीच्या नावाने इन्व्हॉइस फाडलं, तिचं नाव कुठेच नाही. इथे थांबून विचारायला हवं, पण रक्कम जमा झालेली असताना कोण विचारतो?

ही तिघं बहुधा दुसऱ्या राज्यातली माणसं. शेअर ट्रेडिंगच्या खोट्या ॲपमध्ये ‘गुंतवणूक’ करायला त्यांना जो खाते क्रमांक दिला गेला, तो आपल्या एडिटरचा. क्लायंट टोळीतलाच असेल असंही नाही. पुष्कळदा तो खरा असतो आणि त्याने खरे डॉलर दिलेलेही असतात, पण ते एजंटच्या परदेशातल्या खात्यात. एजंटकडे इथे चोरीचे रुपये पडून आहेत, त्याला हवेत स्वच्छ डॉलर. तुमचं इन्व्हॉइस त्याला ते मिळवून देतं. डॉलरमागे जास्तीचे चार रुपये ही त्या धुलाईची मजुरी.

त्या तिघांपैकी एकाला आपण फसल्याचं कळतं आणि तो १९३० ला फोन करतो किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकतो. पैसा जिथे जिथे गेला त्या बँकांना सूचना जाते आणि बँक त्या रकमेवर लीन लावते, म्हणजे ती अडवून ठेवते, काही वेळा अख्ख्या खात्याचे डेबिट बंद करते. तुम्हाला आधी कुणी विचारत नाही. ॲपमध्ये शिल्लक २,३४,००० दिसते, वापरण्याजोगी रक्कम शून्य. चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाचे पैसे देताना यूपीआय फेल होतं, तेव्हा पहिल्यांदा समजतं. मग कर्जाचा हप्ता परत जातो आणि त्याचा दंड वेगळा.

याच जाळ्याचा आणखी एक फास आहे. एजंटचा निरोप येतो: ‘चुकून ३०,००० जास्त गेले, या यूपीआयवर परत टाका.’ सज्जन माणूस लगेच टाकतो. आता त्याच्या खात्यातून चोरीचा पैसा पुढेही गेला, आणि पोलिसांच्या नजरेत तो काम करणारा राहत नाही, म्यूल, म्हणजे चोरीचा पैसा वाहून नेणारा होतो. यूएसडीटी या डॉलरला बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात पैसे घेऊन ते पी२पीवर, म्हणजे थेट दुसऱ्या व्यक्तीला विकणाऱ्यांचंही तेच होतं, कारण तिथे रुपये देणारा अनोळखी खरेदीदारही अशाच पैशातून देत असू शकतो.

कायद्याची बाजू लोक सहसा बघतच नाहीत. फेमा, १९९९ (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) च्या कलम ३ प्रमाणे परदेशातल्या व्यक्तीच्या सांगण्यावरून किंवा तिच्या वतीने भारतात कुणाकडून रक्कम घेतली, आणि तेवढी रक्कम बाहेरून आत आलीच नाही, तर तो व्यवहार अधिकृत मार्गाबाहेरचा धरतात. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. गोव्यात याचा एक घरगुती अवतार फार सहज स्वीकारला जातो: क्लायंट इंग्लंडमधल्या स्विंडनला असलेल्या कुणाच्या तरी भावाला पौंड देतो आणि भावाच्या घरचे इथे मडगावात रुपये मोजतात. माणसं ओळखीची, पैसा कष्टाचा, कुणाची लूट नाही. तरी हवाला तो हवालाच.

जीएसटी नोंदणी असेल तर आणखी एक खड्डा. सेवेची निर्यात शून्य दराची ठरायला पैसे परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने मुभा दिली असेल तिथे रुपयांत यावे लागतात. एजंटने टाकलेले रुपये त्यात बसत नाहीत. १,१०,४०० मधून १८ टक्के काढले तर सुमारे १६,८०० रुपये खिशातून जातात, तेही ४,८०० च्या लोभापायी. शिवाय गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे व्यवसायाचं उत्पन्न नवरा-बायकोच्या रिटर्नमध्ये निम्मं-निम्मं दाखवावं लागतं. नवऱ्याने घेतलेल्या संशयास्पद रकमेचा खुलासा बायकोलाही करावा लागू शकतो.

आता खरा पैसा ओळखायचा कसा? ‘रुपयांत आलं म्हणजे खोटं’ हा नियम चालत नाही. पेपॅलसारख्या सेवा डॉलर घेऊन रुपयेच बँकेत टाकतात, तेही देशातल्या खात्यातून. फरक दोन ठिकाणी दिसतो. पाठवणारा त्या सेवेचा किंवा तिच्या बँकेचा असतो, कुणी सुरेश-रमेश नव्हे. आणि एफआयआरए मिळते, म्हणजे परदेशातून रक्कम आल्याचा दाखला. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव, परकीय चलनातली रक्कम आणि पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले त्याचा संकेतांक असतो: सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी पी०८०२, जाहिरातीच्या कामासाठी पी१००७. एजंटला आधीच विचारा, ‘एफआयआरए कोण देणार?’ उत्तरात ‘त्याची गरज नसते’ आलं की बोलणं तिथेच संपवा.

पैसे पाठवल्याचा पुरावा म्हणून आलेल्या स्विफ्टच्या पीडीएफवर जाऊ नका. ती दहा मिनिटांत बनते. यूईटीआर, म्हणजे त्या स्विफ्ट व्यवहाराचा ओळख क्रमांक मागा. तो ३६ खुणांचा क्रमांक असतो, त्यात चार आडव्या रेघा येतात, आणि तुमची बँक त्यावरून रक्कम कुठे आहे ते शोधू शकते. सगळ्याच सहकारी बँका परदेशी रक्कम थेट घेत नाहीत, तेव्हा शाखेत विचारून मगच क्लायंटला तपशील द्या. परदेशी कामाचं खातं वेगळ्या बँकेत ठेवा आणि घरखर्चाचं वेगळ्या. लीन लागलाच तर निदान विजेचं बिल भरता येतं.

खातं गोठलंच असेल तर बँकेकडून लेखी घ्या: तक्रारीचा पोचक्रमांक, कुठल्या राज्यातलं पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा ईमेल, वादातली रक्कम. त्या अधिकाऱ्याला इन्व्हॉइस, करार, पूर्ण चॅट, दिलेल्या फाइल्सच्या तारखा आणि त्या तीन नोंदींवर खूण केलेलं स्टेटमेंट पाठवा. लीन वादातल्या रकमेपुरताच ठेवण्याची मागणी त्यातच करा. चॅट त्याच दिवशी एक्स्पोर्ट करा, कारण टेलिग्रामवर समोरचा तुमच्या बाजूचेही मेसेज पुसू शकतो. रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात एजंटविरुद्ध आपलीही तक्रार द्या. नाहीतर कागदोपत्री तुम्ही फक्त पैसे घेणारे उरता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या. फोनवर समजावून भागत नाही.

याच दिवसांत फोन येतो: ‘१५,००० द्या, आजच लीन काढतो.’ त्याच्याकडे तुमचं नाव, बँक आणि अडकलेली रक्कम अचूक असते. म्हणून तो पोलीस खात्यातला माणूस वाटतो. पण ते आकडे त्या तीन नोंदी पाठवणाऱ्या टोळीलाही पाठ असतात.