डायलिसिसवर राहायचं की किडनी बसवायची? नागपुरात ठरवणाऱ्या कुटुंबांसाठी

रक्तातलं क्रिएटिनीन (किडनीचं काम किती मंदावलंय हे दाखवणारा आकडा) आठ-नऊवर गेलं आणि नेफ्रॉलॉजिस्टनं, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, 'आता पुढचं ठरवा' असं सांगितलं की घरोघरी साधारण एकच वाक्य ऐकू येतं: "आधी वर्ष-दोन वर्षं डायलिसिसवर काढू, मग ट्रान्सप्लांटचं बघू." धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या बाकांवर चंद्रपूर, यवतमाळ, गोंदियाहून आलेली माणसं हेच बोलत असतात. भीती, पैसा, डोनरचा संकोच, सगळं त्या 'मग बघू'त दडलेलं असतं. माझं म्हणणं स्पष्ट आहे: रुग्ण ऑपरेशन सोसण्याजोगा असेल तर प्रत्यारोपणच करावं, आणि तेही लांबणीवर न टाकता.

याला आधार आहे. डायलिसिसवरच्या सगळ्या रुग्णांशी प्रत्यारोपण झालेल्यांची तुलना केली तर ती न्याय्य ठरत नाही, कारण ऑपरेशनसाठी मुळात तब्येतीनं बरे असलेलेच निवडले जातात. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ही अडचण टाळली होती. प्रतीक्षायादीत नाव असलेले, म्हणजे ऑपरेशनला लायक ठरलेले ४६,१६४ रुग्ण घेतले आणि त्यातल्या किडनी मिळालेल्यांची तुलना अजून वाट पाहणाऱ्यांशी केली. पहिल्या दोन आठवड्यांत किडनी बसवलेल्यांना मृत्यूचा धोका जास्त होता, २.८ पट. हे लपवण्यात अर्थ नाही. साधारण आठ महिन्यांनी दोन्ही गटांतलं जगण्याचं प्रमाण सारखं झालं आणि तिथून पुढे किडनी मिळालेले पुढेच राहिले. एकूण अंदाज निघाला तो असा: यादीतच राहिलेल्यांना सरासरी १० वर्षं, किडनी मिळालेल्यांना २०.

'मग बघू'चं उत्तर मात्र २००२ सालच्या दुसऱ्या अभ्यासात आहे. एकाच मेंदूमृत दात्याच्या दोन किडन्या दोन वेगळ्या रुग्णांना बसतात; अशाच जोड्या त्यात पाहिल्या. एक रुग्ण सहा महिन्यांपेक्षा कमी डायलिसिसवर होता, दुसरा दोन वर्षांपेक्षा जास्त. दाता तोच, तरी दहा वर्षांनी पहिल्या गटातल्या ६३ टक्के किडन्या चालू होत्या, दुसऱ्या गटात फक्त २९ टक्के. डायलिसिसवर काढलेली वर्षं हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर खूण ठेवून जातात, आणि ती खूण नव्या किडनीलाही भोवते.

याचा अर्थ डायलिसिसची घाई करा असाही नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८२८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत डायलिसिस लवकर सुरू केल्यानं आयुष्य वाढलं नाही. त्रास नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबता येतं. हा मिळालेला वेळ सोन्यासारखा वापरावा: हातावर फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) करून घ्यावा, कारण तो तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, आणि घरातल्या डोनरच्या तपासण्या सुरू कराव्यात. डोनर जुळला तर मशीनला न लागताच ट्रान्सप्लांट होऊ शकतं.

डायलिसिसवरचं नागपुरातलं आयुष्य कसं असतं? आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पैशांअभावी बरेच जण दोनदाच करतात, ते घातक आहे. तीनदा करणाऱ्यांतही दोन दिवसांच्या सलग खंडानंतर मृत्यूचं प्रमाण वाढतं, हे २०११ सालच्या ३२,०६५ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं. रोज सकाळी मनगटावर बोटं ठेवून फिस्टुलाची थरथर लागते का ते पाहायचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घसा कोरडा पडतो, आणि पाणी मात्र मोजून प्यायचं, कारण दोन सिटिंगमध्ये वजन किती वाढलं हे काट्यावर लगेच दिसतं. संत्र्याच्या गावात राहून संत्र्यावर बंधन, पोटॅशियमसाठी.

किडनी बसल्यावर पाण्याची मोकळीक मिळते, उलट भरपूर प्या म्हणतात. पण टॅक्रोलिमसची गोळी (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी) बारा तासांच्या अंतरानं, घड्याळ लावून, किडनी चालते तोवर. या औषधाची रक्तातली लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. पपनस टाळायचं, त्यानं औषधाची पातळी वाढू शकते. प्रतिकारशक्ती दबलेली असल्यानं क्षयासारखे संसर्ग गाठतात, काहींना नव्यानं मधुमेह होतो. गोळ्या चुकवणारा रुग्ण असेल, तर आधी त्यावर घरात बोलणं व्हायला हवं.

डोनर घरातला की यादीतून मिळणारा, म्हणजे मेंदूमृत? घरातल्या डोनरची किडनी सरासरीनं जास्त वर्षं टिकते आणि तारीख ठरवता येते. कायद्यानं पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं देऊ शकतात. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदलीलाही २०११ च्या दुरुस्तीपासून परवानगी आहे. डोनरला धोका किती? अमेरिकेतल्या ८०,३४७ दात्यांत नव्वद दिवसांतले मृत्यू दर दहा हजारांत सुमारे तीन. पुढे आयुष्यात स्वतःची किडनी निकामी होण्याची शक्यता दहा हजारांत ९०, तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्यांत १४. कमी आहे, पण शून्य नाही, आणि हे डोनरला तोंडावर सांगायलाच हवं. आपल्याकडे जिवंत दात्यांत बहुसंख्य बायका असतात, आई किंवा बायको. ती 'हो' म्हणाली की कोणी पुन्हा विचारत नाही. सासर-माहेरच्यांना बाहेर बसवून तिला एकटीला विचारा, आणि नाही म्हणाली तर तिथेच थांबा.

घरात कोणी नसेल तर मेंदूमृत दात्यांच्या किडन्यांची यादी सांभाळणारं विदर्भासाठीचं नागपूरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे. नोंदणी हॉस्पिटलमार्फत होते. यादीत नियमित डायलिसिसवर असलेलेच येतात, म्हणून पात्र होताच नाव घाला. नोंदणीसाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा २०२३ मध्ये निघाली.

पैशांचं थोडक्यात: महात्मा फुले योजनेत प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपरस्पेशालिटी हॉस्पिटलमध्येही प्रत्यारोपण होतं. हिशेब मात्र ऑपरेशनचा नव्हे, पुढच्या गोळ्यांचा करा. तिथेच घरं अडतात.

ज्यांचं हृदय फार कमकुवत आहे, कर्करोग चालू आहे किंवा वयानं शरीर थकलंय, त्यांच्यासाठी डायलिसिस हाच योग्य निर्णय असू शकतो आणि तो कमीपणाचा नाही. गडचिरोलीच्या आतल्या गावातल्या माणसानं आठवड्यातून तीनदा गाडी करण्यापेक्षा पोटाच्या डायलिसिसबद्दल विचारावं. त्यात नळीतून पोटात खास द्रव सोडून रक्त साफ करतात; त्या द्रवाच्या पिशव्या घरीच, साधारण दिवसातून चारदा बदलायच्या असतात. त्यासाठी स्वच्छ खोली आणि हात धुण्याची कडक सवय लागते. पोटातून निघणारं पाणी गढूळ दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.