पंधरा दिवसांत देतो म्हणाले, दसऱ्याला दिली, तरी 4 स्टार

कोल्हापुरात चप्पल लाईनला रेडिमेड न घेता थेट कारागिराकडून कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) करून घ्यायची असेल तर हा रिव्ह्यू वाचा, आणि घाई असेल तर राहू द्या, कारण घाईवाल्यांसाठी हे ठिकाण नाहीच. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, काकांना आहेत त्याच ऑर्डरी झेपत नाहीयेत.

जूनच्या शेवटी ऑर्डर दिली. कागदावर पाय ठेवून पेन्सिलने माप घेतलं, पाचशे ॲडव्हान्स, पावती वगैरे काही नाही, "पंधरा दिवसांत देतो बघा". जुलै गेला. गणपतीत कुर्त्यावर घालायची होती ती नाहीच मिळाली. फोन दहापैकी नऊ वेळा उचलत नाहीत आणि उचलला की ठरलेलं, "दादा, कातडं वल्लं हाय, आत्ता शिवलं तर म्होरं ढिलं पडतंय, मग मलाच शिव्या द्यायला याल." मला वाटलं थापा आहेत. आत्या तिकडेच राहते, मग गेलो एकदा तिच्याकडे आणि तिथून तडक काकांकडे, पैसे परत मागायलाच.

तर काका म्हणाले बसा जरा. बसलो आणि दोन तास तिथेच. हे कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, केमिकल नाही, त्यामुळे त्यालाच मुळात आठवडे लागतात, आणि नंतर ते नीट वाळावं लागतं, कोल्हापूरचा पाऊस म्हणजे तुम्हाला माहितीये. मी खिळे कुठे ठोकतात ते शोधत होतो, तर खिळा एकही नाही, आरीने भोक पाडायचं आणि कातड्याचीच वादी ओढून घ्यायची, तळाचे थर सगळे तसेच शिवलेले. बाजूला काकू चपलेवरची वेणी घालत होत्या, रापीने कापलेल्या दोऱ्याएवढ्या पट्ट्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, आणि माझ्याशी गप्पा मारताना खाली बघतसुद्धा नव्हत्या. एकदा एक पट्टी जरा जाड निघाली तर सगळी वेणी सोडून परत घातली. मी म्हटलं काकू चाललं असतं की. "तुम्हाला चाललं असतं," एवढंच म्हणाल्या. पैशाचा विषय काढायचा राहूनच गेला.

जाता जाता काकांनी माप पुन्हा घेतलं. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा रुंद आहे हे मला या वयात कळलं! जुलैत घाईघाईत पहिल्या मापावर शिवून दिली असती तर उजव्या पायाचं काय झालं असतं देव जाणे. आणि मिळाली असती तरी पुण्याच्या पावसात घालून फिरलो असतो ते वेगळंच. आतेभावाने त्याच पावसात एका दुकानातून चकाचक रेडिमेड जोड घेतला होता, महिन्याभरात गोंद सुटला आणि तळातून पुठ्ठा बाहेर आला, वर हिरवी बुरशी. आत्याने तो जोड टाकून न देता मला दाखवायला ठेवला होता, आमच्याकडे असंच असतं.

दसऱ्याला मिळाली. फिटिंग एक नंबर, करकर वाजते, ऑफिसात लिफ्टपासून लोकांना कळतं मी आलोय. पहिला आठवडा अंगठ्याला चावते, अस्सल असेल तर चावणारच, घरात अर्धा अर्धा तास घाला, आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवा, आणि भिजली तर उन्हात ठेवू नका, सावलीत वाळवा.

अडीच हजार घेतले. महाग वाटेल, पण 2025 ला मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही तेव्हा आपण सगळे फेसबुकवर पेटलो होतो, मग इथे येऊन काकूंसमोर दोनशे रुपयांची घासाघीस करू नका. 2019 ला कोल्हापुरीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले 4 जिल्हे मिळून, तरी बाजारात रेक्झिनचा माल कोल्हापुरी म्हणून बिनधास्त विकतात. घेताना उलटी करून बघा, कडेला वादीचे टाके दिसले पाहिजेत.

एक स्टार कापला तो फोनसाठी. उशीर चालेल हो, पण उचलून सांगा तरी. लग्नासाठी हवी असेल तर उन्हाळ्यातच ऑर्डर टाका, आणि पावसाळ्यात फोन करत बसू नका, सरळ जाऊन बसा, चहा मिळतो.